ओलीचा माग

नवरात्र उठलं की मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरी-कुडाळपर्यंत रंगाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. चार महिन्यांच्या पावसात फुगलेले पोपडे, कपाटामागचे काळे ठिपके, खिडकीच्या कोपऱ्यातून उतरलेले तपकिरी ओघळ, हे सगळं दिवाळीच्या आत दिसेनासं करायचं असतं. रंगारी येतो, पत्र्याने पोपडे खरवडतो, पुट्टीचे दोन हात मारतो, वर इमल्शन चढवतो आणि धनत्रयोदशीला भिंत नवी दिसते. पुढच्या जुलैत त्याच जागी, जवळपास त्याच आकाराचा डाग पुन्हा उमटतो. वास तर त्याच्या कितीतरी आधी येऊ लागलेला असतो.

पावसाळा म्हटला की असं व्हायचंच, म्हणून हा वास आपण सोडून देतो. ठेवणीतल्या साड्या, गोधड्या, चामड्याचा पट्टा, वरच्या फळीवरचे जुने दिवाळी अंक, सगळ्यांना तो लागतो. घरातल्या माणसांना तो लवकरच जाणवेनासा होतो, कारण सततच्या वासाची दखल घेणं नाक थांबवतं. पाहुण्याला मात्र तो दारातच कळतो, आणि गणपतीला गावी जाऊन परत आल्यावर कुलूप काढताना आपल्यालाही. त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात नाक जे सांगतं त्यावर विश्वास ठेवावा. दहा मिनिटांनी ‘आता नाही येत’ म्हणत उदबत्ती लावली, की पुढची वर्षभराची दुर्लक्षाची सोय झाली.

बुरशी आणि जिवाणू जगताना जे वायू बाहेर टाकतात त्यांचा हा वास. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो त्यातला मुख्य घटक, जिओस्मिन, मातीतले स्ट्रेप्टोमायसिस वर्गातले जिवाणू तयार करतात. ओल्या भिंतींच्या आणि तळघरांच्या वासातही तो सापडतो. माणसाचं नाक त्याच्याबाबत विलक्षण तीक्ष्ण आहे. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी आपण तो ओळखतो. जूनमध्ये अंगणात हवाहवासा वाटणारा हा रेणू सप्टेंबरमध्ये उशाशी येत असेल, तर त्या खोलीत कुठेतरी पाणी मुक्कामाला आहे.

मग वासावर उपाय शोधण्याआधी पाण्याचा माग काढायला हवा. ते कुठून आत येतं, आणि आलेलं बाहेर का जात नाही? यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण गेल्या दोन-तीन पिढ्यांत फार कमी लक्ष दिलं आहे. आपल्या भिंती पाणी अडवायला शिकल्या, पण वाळायला विसरल्या, असं माझं मत आहे आणि पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

*

कोकणात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या जुन्या घराने हा पाऊस पूर्ण अडवण्याचा हट्ट कधी धरला नव्हता. भिंत जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा, हे बांधणाऱ्याला पक्कं माहीत होतं. म्हणून घर उंच जोत्यावर, अंगण त्याहून खाली, आणि चारही बाजूंना, निदान पावसाच्या तोंडावर, पडवी. उतरतं छप्पर भिंतीच्या बरंच पुढे येऊन थांबायचं आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडायच्या. मे महिन्यात कौलं शाकारून व्हायची, पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधले जायचे. नैर्ऋत्येकडून येणारी झड त्यांच्यावर आदळायची, भिंत बरीचशी कोरडी राहायची. दिवाळीच्या सुमाराला झाप सोडले की तीच भिंत उन्हाला मोकळी.

या घराला खिडक्या बेताच्याच असायच्या. माजघर तर अंधारंच. मग हवा जायची कुठून? वरून. मंगलोरी कौलं हे काही पुरातन प्रकरण नाही. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ मध्ये, आणि त्यानंतर समुद्रमार्गे ही कौलं किनाऱ्यावर पसरली. त्याआधी नळ्यांची कौलं होती, गवताचं शाकार होतं. यातलं कुठलंच छप्पर हवाबंद नव्हतं. कौलांच्या सांध्या-सांध्यांतून गरम, ओलसर हवा वर निघून जायची आणि तिच्या जागी दारातून, पडवीकडून नवी हवा आत यायची. देशावर माळवदाच्या घरात हेच काम धाब्यातलं सानं करायचं. गोव्यातल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांतून उजेड गाळून आत यायचा आणि उंच कौलारू छप्पर हवा खेळती ठेवायचं.

चुलीने त्यात भर घातली. दिवसातून दोनदा पेटणारी चूल वाशांना, कौलांना, चुलीवर टांगलेल्या लाकडांना शेकत राहायची. घर कोरडं राहण्यात त्या धुराचा मोठा वाटा होता. त्याची किंमत मात्र चुलीपुढे बसलेल्या बाईने डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली, आणि ज्यांना जुन्या घराची फार ओढ आहे त्यांनी ही बाजू लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. गॅस आला हे चांगलंच झालं. फक्त गॅसबरोबर एक हिशोब बदलला, त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो.

आता चुना. दिवाळीच्या आधी चुनकळी पिंपात भिजवली जायची, ती खदखदायची, मग गाळून, त्यात थोडी नीळ आणि डिंक घालून घरभर सफेती व्हायची. आपण तिला सणाची तयारी म्हणून आठवतो. तिचं दुसरं काम असं की विरलेला चुना अत्यंत अल्कधर्मी असतो, त्याचा सामू १२ च्या वर जातो आणि अशा पृष्ठभागावर बुरशीला पाय रोवता येत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा हळूहळू पुन्हा चुनखडी दगड होतो आणि हे बळ ओसरतं. म्हणून सफेती दरवर्षी. शिवाय वेळही नेमकी. पाऊस गेलेला, ऑक्टोबरच्या उन्हाने भिंत तापून आतली ओल बाहेर निघालेली, आणि वर जो थर बसतो तोही वाफेला वाट देणारा. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि कोरडी हवा मिळाली की सोडून देतो. वाड्यांच्या आणि देवळांच्या कामात घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. तो चुना शतकं टिकला तो नुसत्या कठीणपणामुळे टिकला नाही. भिंतीतल्या हालचालींबरोबर तो थोडा वाकू शकत होता आणि ओल त्याच्यातून ये-जा करू शकत होती, यामुळेही टिकला.

सिमेंट बळकट आणि झटपट. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण जांभ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की काय होतं ते कोकणातल्या कुठल्याही गावात दिसतं. दोन पदार्थ वेगवेगळ्या मापाने तापतात, आक्रसतात. गिलाव्याला केसासारख्या भेगा जातात. त्या भेगांतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि पोटातला चिरा ते पिऊन घेतो. बाहेर पडताना मात्र त्याला भेगेएवढीच वाट, कारण बाकीचा पृष्ठभाग दाट गिलाव्याने आणि त्यावरच्या ॲक्रिलिक रंगाने झाकलेला. मग ते पाणी आतल्या बाजूने निघतं, माजघरात. त्यात अंगणात जोत्याला लावून फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवलेले असतील, तर पाऊस त्यांच्यावर उसळून थेट भिंतीच्या पायथ्याला भिजवतो आणि जमिनीतली ओल जी पूर्वी अंगणभर मोकळी व्हायची ती भिंतीतून वर चढते.

*

शहरात हीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत येते. पण त्याआधी मुंबईने हवेचा धडा एकदा फार महाग किमतीला घेतला होता, तो सांगायला हवा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मांडवी, नळबाजार, भुलेश्वर इथल्या घरांत एकामागे एक खोल्या, मधल्या खोल्यांना बाहेरची भिंतच नाही, दोन इमारतींच्या मध्ये मैला वाहणारी बोळ. प्लेग घाणीतून आणि कोंदलेल्या हवेतून पसरतो अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची पक्की समजूत. म्हणून त्यांनी छपरांची कौलं काढून ऊन आत सोडलं, भिंतींना सक्तीने चुना फासला, हजारो गॅलन जंतुनाशक ओतलं, राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरं रंगवली. पुण्यात हीच मोहीम गोऱ्या सैनिकांकरवी घराघरांत घुसून झाली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री तिथल्या प्लेग मोहिमेचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली त्यामागे तो संताप होता. उंदरावरच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे कोंदट हवेला या खटल्यात चुकीच्या गुन्ह्याखाली उभं केलं गेलं होतं. खरा गुन्हा दुसरा होता, क्षयाचा. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात, कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगतात आणि उन्हाने मरतात.

१८९८ च्या कायद्याने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्याने दाट वस्तीतून कापून काढले ते समुद्राची हवा आत यावी म्हणून. दादर-माटुंग्याची रेखीव वस्तीही ट्रस्टचीच. १९१० च्या दशकात ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक साधा भूमितीचा नियम लावून धरला. तळमजल्याच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त नसावा. त्या कोनाचा व्यवहारी अर्थ असा, की दोन इमारतींमध्ये जेवढी मोकळी जागा, तिच्या दुपटीपेक्षा इमारत उंच नको. अशाने तळमजल्यालाही आकाशाचा तुकडा दिसतो.

पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला २०७ चाळी बांधल्या. काँक्रीटच्या, चार मजली, मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीला बाहेरची भिंत एकच, म्हणजे हवा आरपार जायची तर बोळाकडचं दार उघडं हवं. चाळीतली दारं दिवसभर उघडी असत, याचं आपण शेजारधर्माच्या नावाने पुष्कळ कौतुक केलं आहे. ते खरंही आहे. पण ती दारं उघडी होती म्हणूनच त्या खोल्यांत श्वास घेता येत होता. पुढे दाराला पडदा आला, मग जाळीचं दार, मग एसी आणि घट्ट बंद दार. खोली तीच राहिली, हवेची वाट गेली.

पुनर्वसनाच्या इमारतींनी याहून वाईट केलं. मुंबईच्या एम-पूर्व वॉर्डातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केला. लल्लूभाई आणि नटवर पारेख इथे इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की मधलं अंतर जेमतेम तीन मीटर भरतं. जिथे घरात ऊन कमी, हवेची ये-जा कमी, तिथे क्षयरोग जास्त, आणि खालचे मजले सगळ्यांत वाईट, असं त्या अभ्यासात दिसलं. ऑर यांचा नियम तिथे लावून पाहा. तीन मीटर अंतराला सहा मीटर उंची, म्हणजे दोन मजले. शंभर वर्षांपूर्वी याच शहरात जे माप लिहून ठेवलं होतं, ते पुनर्वसनाच्या नावाखाली बाजूला ठेवलं गेलं. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या बाईला दुपारी बारा वाजता दिवा लावून भाजी निवडावी लागत असेल, तर तिला खिडकी उघडा असं सांगणं निर्दयपणाचं आहे. खिडकी उघडली की समोरच्या मोरीचा वास आणि वरून टाकलेला कचरा आत येतो. इथे दोष घर चालवणाऱ्याचा नाही, आराखडा मंजूर करणाऱ्याचा आहे.

*

आता आपल्या, म्हणजे हा अंक वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या, दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटकडे येऊ.

गॅसचा हिशोब सांगतो म्हटलं होतं. एलपीजी जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो गॅस जाळला की दीड किलोहून थोडी जास्त वाफ तयार होते. १४.२ किलोचं एक सिलिंडर संपतं तेव्हा स्वयंपाकघराच्या हवेत सुमारे २२ लिटर पाणी गेलेलं असतं, एक मोठी कळशी नव्हे, भरलेली बादली आणि वर थोडं. यात भाताची, डाळीची, चहाची वाफ धरलेली नाही. धुण्याच्या यंत्रातून निघालेले कपडे घरात वलणीवर वाळत घातले की दर धुण्यामागे लिटर-दोन लिटर. आंघोळी वेगळ्या. झोपलेल्या माणसांचे श्वास वेगळे. चुलीच्या घरात ही सगळी वाफ कौलांतून निघून जायची. फ्लॅटला डोक्यावर स्लॅब आहे.

राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खिडक्यांची उघडी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश धरली आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. अलीकडच्या फ्लॅटमध्ये खिडकी मोठी दिसते, पण ती ॲल्युमिनियमची सरकती. एक काच दुसरीच्या मागे जाते, म्हणजे उघडते कायम निम्मीच. बाहेर ग्रील, ग्रीलमध्ये कुंड्या आणि जुनी सायकल. आत डासांची जाळी. हवेला उरतं ते फार थोडं. जुन्या इमारतींत दाराच्या वर आडव्या फळ्यांचे झरोके असायचे. गरम, ओली हवा वर जाते आणि तिथूनच निघून जाते, म्हणून ते वर. एसी लावताना, पीओपीचं छत करताना हे झरोके पहिल्यांदा बुजवले गेले. शिवाय हवेला जशी आत यायला वाट लागते तशी बाहेर जायलाही. एकाच भिंतीला दोन खिडक्या असल्या आणि दार बंद असलं तर हवा उंबऱ्यावर येऊन थांबते. मोरीत एक्झॉस्ट पंखा लावूनही वास जात नाही अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा दाराखाली बोटभर फटसुद्धा नसते. पंखा ओढणार कुठून?

एसीचं प्रकरण नीट समजून घ्यावं, कारण नव्या घरांतली बरीच बुरशी त्याच्या आसपास आढळते. ३० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ धरू शकते, २५ अंशांची साधारण २३ ग्रॅम. जुलैत मुंबईची हवा ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २७ अंशांहून थंड कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होऊ लागतं. तुमच्या झोपण्याच्या खोलीत रात्रभर एसी २० वर चालला, भिंत गार झाली, आणि त्या भिंतीच्या पलीकडे हॉलमध्ये कपाट टेकलेलं आहे. हॉलची दमट हवा कपाटामागे जाते, गार भिंतीला लागते, तिथे पाणी होतं. पाठीची प्लायवूड ते पिते. सप्टेंबरमध्ये कपाट उघडलं की साडीला वास. मग वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण सुरू होतं, ‘तुमचं बाथरूम गळतंय.’ वरच्यांच्या बाथरूमचा काही संबंध नसतो.

तेव्हा भांडणाआधी माग. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा संशयित जागी चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर पाणी हवेतलं. मागच्या, भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतीतलं. डाग मार्च-एप्रिलमध्येही ओला असेल तर पाऊस निर्दोष आहे, नळाची किंवा सांडपाण्याची पाइप पाहावी. पश्चिमेची झड लागून गेल्यावर एक-दोन दिवसांनी वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीच्या चौकटीचा सांधा किंवा एसीच्या पाइपसाठी पाडलेलं आणि नीट न बुजवलेलं भोक. जमिनीपासून वर, साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवी रेघ आणि तिच्यावर पांढरी भुकटी असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. मुंबईत तळमजल्यांवर हे वाढलं आहे, कारण रस्ता दर डांबरीकरणात चढत गेला आणि जोतं तिथेच राहिलं. वरच्या बाथरूमचीच शंका असेल तर नहाणी ट्रॅप बंद करून तिथे रंग घातलेलं पाणी दिवसभर उभं ठेवतात. खाली रंग उतरला तर वाद मिटतो, आणि घराच्या आतल्या गळतीची दुरुस्ती ज्याच्या घरात ती आहे त्याने, गच्चीच्या गळतीची सोसायटीने करायची, हा नियमही स्पष्ट आहे.

त्या पांढऱ्या भुकटीबद्दल थोडं जास्त. भिंतीला लोणा लागला की माणसं ब्रशने झाडून वर पुट्टी भरतात. विटेतले, मातीतले किंवा न धुतलेल्या खाडीच्या वाळूतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांत वाढतात आणि त्याला आतून फोडतात. हे क्षार हवेतलंही पाणी ओढून घेतात. त्यामुळे मूळ गळती बंद केल्यावरसुद्धा अशी भिंत प्रत्येक पावसाळ्यात ओली होत राहते आणि घरमालक म्हणतो, खर्च वाया गेला. तेवढा गिलावा, डागाच्या बराच पुढपर्यंत, तोडून टाकण्याला पर्याय नाही. समुद्राकाठच्या घरांत तो पुन्हा करताना गोड्या पाण्याची, धुतलेली वाळू आणि जमलं तर चुना वापरणारा गवंडी शोधावा. असे गवंडी कमी झाले आहेत, पण संपलेले नाहीत. देवळांच्या आणि वाड्यांच्या जीर्णोद्धाराच्या कामांमुळे ही कारागिरी काही ठिकाणी परतते आहे.

आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग मारणं हा सगळ्यांत जास्त खपणारा आणि सगळ्यांत कमी उपयोगाचा इलाज. पाणी बाहेरून येत असेल तर ते बाहेरच अडवायला हवं. आतून थर दिला तर ते भिंतीत साचतं, वर सरकतं, शेजारच्या खोलीत निघतं, विजेच्या बोर्डापर्यंत पोचतं. पुट्टीवाल्याने ‘साहेब, दिसणार नाही’ म्हटलं तर त्याचा शब्दशः अर्थ घ्यावा. तो दिसण्याचीच हमी देतो आहे.

आणि डांबरगोळ्या. त्यांचा वास कुबट वासाला झाकतो, बुरशीला मारत नाही. नॅफ्थालीनची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी तिने फुटतात, आणि ती कमतरता आपल्याकडे दुर्मीळ नाही. बाळंतिणीच्या खोलीतल्या कपाटातून, बाळाच्या दुपट्यांतून त्या आधी बाहेर काढाव्यात. कडुनिंबाचा पाला कसर लांब ठेवतो, ओल नाही. कपाटात कोळसा किंवा मिठाचे शोषक ठेवता येतात, पण ते छोट्या बंद जागेपुरते, आणि मागून भिंत ओली असेल तर ते आठवड्यात हरतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं हा बिनपैशाचा इलाज त्यांच्यापेक्षा जास्त काम करतो.

२०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत भीती घेऊन आला. तेव्हाचा म्युकरमायकोसिस मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंतीवरचे काळे ठिपके बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस जातींचे असतात, ते पाहून तो आजार झाला असं समजायचं कारण नव्हतं आणि नाही. पण भीती ओसरली तशी काळजीही ओसरली, हे बरं झालं नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला, छातीतली घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त आढळतात असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे. पावसाळ्यात मुलाचा दमा उसळतो तेव्हा त्याचं अंथरूण कुठल्या भिंतीला लागून आहे, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाने विचारावा आणि नाही विचारला तर आईवडिलांनी आपणहून ते सांगावं. बुरशी पुसताना कोरडी झटकू नये, बीजाणू खोलीभर उडतात. नाकातोंडाला मास्क, खिडकी उघडी, साबणाच्या पाण्याचं फडकं, आणि नंतर पंख्याखाली पूर्ण वाळवणं. ब्लीच वापरलंच तर ते संडासच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

‘खिडक्या उघडा’ हा सल्ला जुलैत अर्धाच खरा आहे. बाहेरची हवा ९० टक्के दमट असताना ती आत घेऊन भिंत वाळणार नाही. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळची वाफ मात्र तिच्या उगमापाशीच, पंख्याने आणि उघड्या खिडकीने, बाहेर काढली पाहिजे. एसीच्या खोलीत याच्या उलट. खिडकी घट्ट बंद, तापमान २५-२६, यंत्र ‘ड्राय’वर. कपडे एकाच खोलीत, दार लावून, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवून वाळवावेत. आणि पाऊस जाताच, ऑक्टोबरचे ते दोन-तीन कडक आठवडे, सगळं उघडावं. कपाटं पुढे, गाद्या गच्चीवर, खिडक्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत सताड. भिंतीत चार महिने शिरलेलं पाणी निघायला वेळ लागतो. ओल्या विटेला वाळायला आठवडे लागतात, आणि या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली काय नि नोव्हेंबरमध्ये आली काय, विटेला पंचांग कळत नाही. डाग असलेल्या भिंती पोपडे काढून तशाच सोडून बाकीचं घर रंगवावं आणि त्या भिंतीला जानेवारी-फेब्रुवारीत हात लावावा. लक्ष्मीपूजनाला एक भिंत खरबडीत दिसली तर कुणाचं बिघडत नाही.

एक काम मात्र एकट्या घराच्या आवाक्यातलं नाही. मुंबई, ठाणे, पुण्यात आज हजारो जुन्या इमारती पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळाली, आणि त्या आनंदात मीही आहे. सोसायट्यांच्या सभांत चर्चा होते ती चटईक्षेत्राची, कॉर्पस फंडाची, पार्किंगची. आराखड्यावर शेजारच्या इमारतीपासूनचं अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. कुठल्या खोलीची खिडकी मोकळ्या जागेवर उघडते आणि कुठल्या खोलीची डक्टमध्ये, मोरीला बाहेरची भिंत आहे का, स्वयंपाकघराची हवा कुठे जाते, हेही त्या कागदावर दिसतं. खालच्या मजल्यांवर घर मिळणाऱ्यांनी सही करण्याआधी हे प्रश्न सभेत विचारावेत आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. वरच्या मजल्यांवर ज्यांना हवा आणि ऊन मिळणार आहे, त्यांनी त्या वेळी खालच्यांच्या बाजूने बोलावं.